अडगुळपूरचा नववा भाग

सन्माननीय अध्यक्ष काकासाहेब, व्यासपीठावर हार घालून घामानं भिजलेले पाहुणे, आज जिला निरोप द्यायचा ती आपल्या वाचनालयाची ग्रंथपाल मीनाक्षी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेल्या माझ्या बायाबापड्यांनो,

पहिला नमस्कार समितीच्या स्मरणशक्तीला. मला निरोप आला, "मनकर्णाबाई, भाषण लिहून आणा, दोन पानांत बसवा." अकरा वर्षं दर गुरुवारी तुमच्या रजिस्टरात माझा अंगठा उठतोय, निळ्या शाईचा. त्याच बाईला तुम्ही लिहून आणायला सांगता? बदाम खा अध्यक्ष, रात्री भिजवून खा. तर मी सांगितलं, माझ्या नातीनं, भानुमतीनं, लिहिलं, आणि माझे गुडघे व्यासपीठाच्या ह्या पायऱ्या चढत नाहीत म्हणून वाचतेयही तीच. काही ठिकाणी ती म्हणाली, आजी, हे नको. तेवढं मी तिच्याकडून मुद्दाम ठळक लिहून घेतलंय.

मीनाक्षीची शिस्त, तिचा वक्तशीरपणा, तिची सचोटी, सगळं तुमचं सांगून झालं. मी तिचा एकच उपद्व्याप सांगते.

निजामावर पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी सात वर्षांची. रझाकारांच्या भीतीनं फुलंब्रीकडचं आमचं गाव सोडलेलं. परत आलो तेव्हा शाळा भावाच्या वाट्याला आली, शेळ्या माझ्या. त्याचं मला दुःख नाय, शेळ्या हुशार होत्या. पण त्यामुळं पुंडलिकनगरात राहायला आल्यावर ह्या वाचनालयात मी फक्त सावलीला यायची. भानुमती पुस्तक बदलायची, मी बाकावर टेकायची. एक दिवस मीनाक्षीनं विचारलं, मावशी, तुम्हाला कुठलं देऊ? मी म्हटलं, कुठलंही दे, जाड दे, पापड वाळवताना वर ठेवायला बरं. ती हसली नाही. कपाटातून एक काढलं, माझ्याशेजारी बसली आणि वाचायला लागली. ऐन गमतीच्या जागी मिटलं आणि म्हणाली, उरलेलं गुरुवारी.

आता सांगा, ही सरळ बाईची लक्षणं आहेत का?

पुस्तक होतं अडगुळपूरचं. नऊ भाग आहेत त्याचे, आणि एकातही शहाणा माणूस नाही. महिनाभरात आम्ही बारा जणी झालो, एकीलाही अक्षर येत नव्हतं. द्वारकाबाई चिकलठाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं झाडू मारून नुकती घरी बसलेली. तिला निद्रावती राणी लई आवडायची, कारण ती झोपली की राज्य सुरळीत चालतं आणि जागी झाली की घोटाळे. द्वारकाबाई म्हणायची, "माझ्या घरात उलटं आहे, म्हणून तर मला झोप नाय." सारजाबाईची लाडकी सटवंती चेटकीण. हिचा एक मंत्र नीट लागत नाही, पाऊस बोलावला की सासू येते. सारजाबाईला तीन सुना आहेत, तरी ती सटवंतीकडूनच बोलायची.

मी ढमण्याची. ढमण्या म्हणजे अडगुळपूरच्या वेशीवर नेमलेला राक्षस. हुकूम असा की येईल त्याला खायचं. पण खायच्या आधी हा विचारायचा, कुठून आलात, घरी कोण कोण असतं? माणसानं घरचं रडगाणं सांगितलं की याची भूकच जायची. मग बसायचा ठेचा-भाकरी खात, आणि दरबारात कळवायचा, आज कुणी आलं नाही.

सहाव्या भागात ती वेस कोसळायला लागली. दुरुस्तीचा कागद सात वर्षं दरबारात फिरत होता, शिक्का कुणी मारायचा यावर भांडण. ढमण्यानं वेस खांद्यावर घेतली आणि अख्खं गाव खालून बाहेर काढलं. शेवटी एक म्हातारी राहिली, काठी टेकत निघालेली. तिला तो म्हणतो, "सावकाश या आजी, मला घाई नाय."

इथं मीनाक्षीनं पुस्तक मिटलं. म्हणाली, नळ आला असेल, जा घरी. गुरुवारी आमच्याकडं नळ येत नाही. द्वारकाबाई म्हणाली, "वाच बाई. मरण मिटून ठेवल्यानं टळत नसतं."

तिनं वाचलं. मग दहा दिवस आम्ही कुणालाच पुस्तकाला हात लावू दिला नाही, आणि दहाव्या दिवशी ह्याच इमारतीच्या गच्चीवर ढमण्याच्या नावानं पान वाढलं. ठेचा, भाकरी, वर कांदा. हसा, खुशाल हसा. पुंडलिकनगरचे कावळे हातातलं बिस्कीट नेतात, पण त्या दिवशी पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसले आणि पानाकडं बघेनात. आम्ही एकेक कबूल करत गेलो. तुझी वेस परत बांधू. सटवंतीला अंतर देणार नाही. कावळा जागचा हलेना.

तेवढ्यात अध्यक्ष वर आले. त्यांनी विचारलं, हे वाचनालय आहे का घाट? द्वारकाबाईनं सांगितलं, "साहेब, मरण झालंय. हळू बोला."

मग मीनाक्षी पुढं झाली, हात जोडले आणि म्हणाली, "ढमण्या, उरलेले तिन्ही भाग ह्यांना वाचून दाखवले जातील."

शब्द संपायच्या आत कावळा शिवला. आणि काकासाहेब, तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत. मी बघितलंय. कुणासाठी काढलीत? नसलेल्या राक्षसासाठी?

सातवा झाला, आठवा झाला. नववा छापूनच उशिरा आला, आणि तो उघडायच्या आत मीनाक्षीचा निवृत्तीचा कागद आला. ती आता लेकाकडं नाशिकला निघाली, जाऊ द्या, तिनं लई केलं. पण मागच्या महिन्यात समितीनं फळ्यावर ठराव लावला. भानुमतीनं मला वाचून दाखवला. गुरुवारची बैठक बंद, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचक म्हणून जागा देता येत नाही. आणि अडगुळपूरचे नऊच्या नऊ भाग रद्दीच्या यादीत.

आम्ही वाचक नाय? बरं. व्यासपीठावरच्या कुणीही सांगावं, ढमण्याचा कुठला कान फाटका होता आणि कुणी फाडला? आता एकमेकांची तोंडं बघाल. आमच्या बारातली कुठलीही उठवा, अर्ध्या झोपेत सांगेल. ज्या पुस्तकापायी आम्ही सुतक धरलं, ते तुम्ही साधं उघडलं नाही, आणि वाचक तुम्ही?

म्हणून ठरावाला आमचं उत्तर ऐका. नववा भाग कपाटात शोधू नका, तो द्वारकाबाईच्या ट्रंकेत आहे. चोरी म्हणायची तर म्हणा. मीनाक्षीला ह्यातलं काही माहीत नाही, बघा तिचा चेहरा. येत्या गुरुवारी तीन वाजता आम्ही बारा जणी आमच्या जागेवर येऊ. कुलूप असेल तर पायरीवर बसू. वाचायला माणूस मी नेमलाय. गच्चीवर वचन दिलं गेलं तेव्हा ज्यानं टोपी काढली, तो सुतकातला झाला, वचन त्यालाही लागलं. काकासाहेब, चष्मा घेऊन या. राणीचा आवाज जरा बारीक काढायचा, द्वारकाबाई चुका काढते.

मीनाक्षी, पोरी, तू मला साठीनंतर एक अख्खं गाव दिलंस. नाशिकला एखादी म्हातारी सावलीला टेकली, तर तिलाही सोडू नकोस. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, उपकार आहेत. बोलण्यात चुकून कुणाचं मन दुखलं असेल तर पदर पसरून माफी मागते. जे मुद्दाम दुखवलंय, त्याची नाय.

आणि समितीनं गुरुवारी चहाबरोबर कांदाभजी पाठवावी, सात जणींपुरती. बाकी पाच जणींना दात नाहीत, त्यांना शिरा. तूप बघून घाला, थोडं लागलं तर परत पाठवू.