शेवटच्या पानावरचं पोर

(विमलमावशी अंबरनाथला राहतात. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. ज्या अल्बमबद्दल त्या बोलतात, तो माझ्या आईबाबांच्या लग्नाचा.)

आधी तो अल्बम तिकडे टीव्हीवर ठेव. नाही, उघडू नको. इतकी वर्षं थांबले, आता चहा होईपर्यंत थांबायला मला काही होत नाही. शेवटचं पान मी शेवटीच बघणार. तू लिहून घेणार म्हणतेस ना, मग पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला वाटेल एका फोटोसाठी ही बाई एवढी का जीव टाकते.

माझं माहेर बदलापूरच्या पुढे, आत. आमच्या आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, तेव्हापासून भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पण आमचा कुणाचा फोटो म्हणून घरात नव्हता. मी लहानपणी कशी दिसायचे मला माहीत नाही. आईला विचारलं की ती बोलायची, दिसायचीस पोरांसारखी पोर, त्यात काय बघायचंय. एकच आहे, चौथीतला, शाळेचा. सगळा वर्ग बसवलाय आणि मी तिसऱ्या रांगेत, पुढच्या मुलीच्या रिबिनीमागे अर्धी. एक डोळा दिसतो. त्या एका डोळ्यावरून मी कितीदा बाकीचं तोंड बसवून बघितलंय, काय सांगू तुला. म्हणून माझ्या मनात होतं, आपली पोरं झाली की ती नीट बघून ठेवायची. आणि नुसती उभी करून, पावडर लावून नाही. जशी असतील तशी.

लग्न होऊन अंबरनाथला आले ती चाळीतल्या दीड खोलीत. थोरल्या सुजाताचे पप्पा, म्हणजे आमचे हे, कारखान्यात मशीनवर होते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढायचे. कॅमेरा आपला नव्हता हां, उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पात एका सिंधी शेठचा स्टुडिओ होता, त्याचा. रविवारचं लग्न उरकलं की कॅमेरा घरी यायचा, सोमवारी ड्यूटी सुटल्यावर हे तो परत द्यायला जायचे आणि तिथेच अंधाऱ्या खोलीत रोल धुऊन, फोटो छापून यायचे. काळेपांढरे फोटो होते तेव्हा. गळ्यात लटकवायचा डबा-कॅमेरा, वरून खाली वाकून आत बघायचं, आणि आत सगळं उलटं, डावं उजवीकडे. बारा फोटोंचा रोल. आता लग्न काय बारा बारा मोजून होतं का? शेवटच्या रोलात एक-दोन उरायचेच. अर्धा रोल धुता येत नाही, म्हणून ते उरलेले हे भिंतीवर मारून टाकायचे. भिंतीचा फोटो! आमच्या पोपडे निघालेल्या भिंतीचे किती फोटो वाया गेले असतील. मी एकदा विचारलं, अहो, भिंतीच्या पुढे कुणी बसलं तर चालत नाही का? तर बोलले, शेठचा रोल आहे, आपल्या बापाचा नाही. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

तेव्हा सुजाता वर्षाची होती आणि राहुल पोटात, सातवा महिना. मला वाकता येत नव्हतं. मग सुजाताला आंघोळ हे घालायचे. पण कसे, तर दाराला आतून कडी लावून. चाळीत कुणाच्या नवऱ्याने पोर न्हाऊ घातलेलं कुणी बघितलं नव्हतं, आणि आमच्या शेजारच्या बायका अशा की एकीने बघितलं असतं तर स्टेशनपर्यंत गेलं असतं. मी बोलायचे, अहो गुदमरतंय, दार उघडा. तर बोलायचे, राहू दे, थंडी लागेल पोरीला. मे महिन्यात!

तो सोमवार होता. हे मोरीत बसलेले, सुजाता घमेल्यात, आणि कॅमेरा खुंटीला. मी विचारलं, किती उरलेत. बोलले, एक. मी बोलले, मी काढू? यांचे दोन्ही हात साबणाचे, उठता येईना, नुसते ओरडले, अगं खेळणं नाही ते, ठेव खाली. मी गळ्यात घातला. पट्टा लांब होता, कॅमेरा आला बरोबर पोटावर. पोटाचं स्टूलच झालं बघ. वरून आत बघितलं तर मोरी दिसली, घमेलं दिसलं, सगळं उलटं आणि इतकं छान की मी दाबायचंच विसरले. हे ओरडून परत पोरीकडे वळले, आणि मी नजर सुजातावर ठेवून बाजूचं चाक फिरवत फिरवत चित्र साफ केलं, यांना करताना बघितलं होतं ना मी, आणि दाबलं. भप्प करून फ्लॅश पडला, सुजाता रडायला लागली आणि यांनी मला जे सुनावलं ते तू लिहू नकोस.

आता पुढचं ऐक. त्या सोमवारी कारखान्यात बदली माणूस आला नाही, यांना दोन शिफ्ट कराव्या लागल्या. स्टुडिओत जाता आलं नाही, तर एका ओळखीच्याबरोबर कॅमेरा पाठवून दिला. रोल धुतला तिथल्या मास्टरने. त्याला काय माहीत कुठला फोटो कुणाचा, त्याने आले तेवढे सगळे छापले, दोरीवर वाळत घातले, आणि अल्बम चिकटवणाऱ्याने ओळीने चिकटवले. हळद, अक्षता, जेवणाच्या पंगती, तुझी आई रडतेय, तुझी आई गाडीत बसतेय, आणि शेवटच्या काळ्या पानावर आमची सुजाता घमेल्यात. आणि शेठची एक रीत होती, अल्बमबरोबर निगेटिव्हही पाकिटात घालून गिऱ्हाइकाला देऊन टाकायची, सांभाळायचा ताप नको. म्हणजे फोटोही गेला आणि निगेटिव्हही गेली. शिवमंदिराच्या बाजूला, तुमच्या घरी.

दोन दिवसांनी तुझे आजोबा अल्बम घेऊन स्टुडिओत. नेमके हे तिथेच उभे. आजोबांनी काउंटरवर अल्बम आपटला, हे उघडं पोर कोणाचं? आमच्या घरच्या लग्नात ही मोरी कुठून आली? यांना वाटलं, गेलं आता रविवारचं काम. पण शेठ असा वस्ताद माणूस, त्याने पान बघितलं, एकदा यांच्याकडे बघितलं, आणि हात जोडून बोलला, बाबूजी, ये तो सगुन है. अल्बम के आखिर में नहाता हुआ बच्चा लगाते हैं, साल के अंदर घर में पालना हिलता है. हमने आपसे इसका पैसा भी नहीं लिया. तुझे आजोबा अल्बम काखेत मारून गेले. आणि वर्षाच्या आत पेढे घेऊन परत आले. तो पेढा मी खाल्लाय, तुझा. हसतेस काय, खरंच.

यांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं. मी विचारलं, ते राहू द्या, फोटो कसा आला? बोलले, कसा येणार, हललाय. पोर थोडं दिसतंय, बाकी सगळं हललेलं. आणि मला तर तू कापूनच टाकलंस, मी त्यात नाहीच. मला वाईट वाटलं. पहिलाच काढला आणि हलवला. पण मग रात्रंदिवस एकच, पोटावर टेकवलेला कॅमेरा हलतो कसा? राहुलने लाथ मारली असेल का? आणि आत बघताना तर हे मला पूर्ण दिसले होते, खांद्यापासून पायापर्यंत, मग कापले कसे? विचारलं की बोलायचे, तुला काय कळतंय त्यातलं, आणि अल्बम कुणाच्या घरी गेला तेही सांगायचे नाहीत. तेव्हा खरंच कळत नव्हतं. पुढे कळायला लागलं आणि प्रश्न वाढत गेला.

कारण पुढे मी शिकले ना. शेठला तो सगुन आवडला, यांना बोलला, हर अल्बम में बच्चा चाहिए, मगर नये कपडे में, पावडर लगाके, हँसता हुआ. झालं. सुजाताला फ्रॉक घालायचा, मागे चादर लावायची, हस बाळा हस. असं दीड-दोन वर्षं चाललं आणि एकदा ती मला विचारते, मम्मी, आता मी कोणाच्या घरी जाणार? कुणी तरी तिला सांगितलं होतं की तुझा फोटो त्या लोकांनी नेला. मी कॅमेरा खाली ठेवला. मी यांना सांगितलं, शेठला सांगा, विमल पोरांना बसवणार नाही, जशी असतील तशी काढेल, चालत असेल तर बघा. शेठ बोलला, शेंबडाचा सगुन कौन लेगा. बंद पडलं ते. पण एक झालं, उरलेला फोटो भिंतीवर मारायचं पण बंद पडलं. हे मुकाट्याने कॅमेरा आणून माझ्या पुढ्यात ठेवायचे आणि बोलायचे, दोन आहेत, बघ.

मग बघ काय काय काढलं मी. राहुल पाटीवर थुंकून पुसतोय. सुजाता त्याच्या पायात स्वतःच्या चपला घालतेय. दोघं ताटाखाली वांगं लपवतायत. राहुलला गोवर आला तेव्हा खिडकीत बसलेला. केस विंचरताना सुजाताचं तोंड. बायका बोलायच्या, अगो विमल, पोरगी नीट तरी कर आणि मग काढ, हा काय फोटो. मला मात्र तेच बघायचं असायचं. माझं बघायचं राहून गेलं ना. हे मागाहून स्टुडिओत कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्यांवर बोटाएवढे फोटो छापून आणायचे, कधी नाहीच जमलं तर नुसती निगेटिव्ह. ती मी खिडकीला धरून वाचायचे. काळे दात, पांढरे केस, पोरं म्हातारी दिसायची, पण सवयीने सगळं ओळखता येतं. त्या बिस्किटाच्या डब्यात आहेत बघ सगळ्या.

फक्त हे कुठे नाहीत. एकाही फोटोत नाहीत. मी कॅमेरा उचलला की पंधरा वर्षं हे उठून बाहेर जायचे. माणूस दुसऱ्यांच्या लग्नात हजार लोकांना हसा म्हणून सांगतो आणि स्वतः मात्र भिंतीसारखा. पोरांना आज विचारशील तर पप्पा कडकच होते सांगतील. राहुलला तर पटतच नाही की यांनी कधी कुणाला आंघोळ घातली असेल. दाखवायला माझ्याकडे काय आहे?

आणखी एक. मी एकदा यांचा डबा द्यायला स्टुडिओत गेले होते, राहुल कडेवर. मला बघून मास्टर हसला आणि आत हाक मारली, ए दाई, तेरी घरवाली आयी है. सगळे हसले. यांना दाई का बोलतात? मी घरी विचारलं तर चिडले, जेवण टाकून उठले. मी परत विचारलं नाही.

पुढे रंगीत आलं, व्हिडिओ आला, लोकांनी स्वतःचे कॅमेरे घेतले, यांचं रविवारचं काम हळूहळू सुटलं. तू दोन नंबरला गेलीस म्हणतेस, तिथे आता जीन्स शिवतात, तरी शेठच्या मुलाने घर बरोबर सांगितलं तुला. लहानपणी तुला वाटायचं ना ते शेवटच्या पानावरचं पोर तूच? मग कुणी तरी सांगितलं असेल, अगं तू तर तेव्हा झालीच नव्हतीस. बरं केलंस शोधलंस. मीसुद्धा तेच केलं असतं. अल्बम घेऊन, घर विचारत विचारत, पाऊल न वाजवता जिना चढून आलीस, मला आधी वाटलं मतदार यादीवाली आली.

दे आता. हात पुसते.

ही तुझी आई. किती बारीक होती. हे आजोबा, रागीटच दिसतात. हा वरचा कागद सांभाळून उचल, फाटेल.

अगं.

अगं बाई, हा कुठे हललाय?

बघ तरी. घमेल्याची कड दिसतेय. सुजाताच्या डोक्यावरचा फेस दिसतोय. आणि हे... हे पूर्ण आहेत की. बनियनवर, लुंगी खोचलेली, नाकाला फेस लावलाय आणि पोरीला जीभ काढून दाखवतायत. जीभ! या माणसाने! आणि ती बघ कशी हसतेय, फ्लॅश पडायच्या आधीची आहे ही, रडायला नंतर लागली.

म्हणून दाई. म्हणजे दोरीवर वाळत घातला तेव्हा अख्ख्या स्टुडिओने बघितलं. घरात कडी लावली आणि तिकडे दोरीवर सगळ्यांना दिसलं. आणि मला सांगितलं हललाय. मी पोटावर टेकवला होता गं, हलणार कसा, मी म्हणतच होते.

नाही नाही, सोडवू नको तो. फाटेल. आणि तुमच्या घरात एवढी वर्षं राहिलाय, तुझा सगुन आहे, राहू दे तिथेच. मागच्या खिशात पाकीट असेल बघ निगेटिव्हचं. हां. शेवटची असेल. दे इकडे, खिडकीला धरते. ही बघ, काळा फेस, काळी जीभ. एवढी मला दे. राहुलला दाखवीन, म्हणावं, बघ तुझा कडक बाप. तू तेव्हा माझ्या पोटात कॅमेऱ्याखाली होतास.

तू सुखात राहा बाळा. शीक, तुझं लिहिणं चांगलं होऊ दे. तुझ्या लग्नाच्या अल्बमात शेवटचं पान मोकळं ठेव, कुणाला काही चिकटवू देऊ नको, मग तुझं तू बघशील कशाने भरायचं ते. बस, चहा गाळते. हे चारला सुटतात, येतीलच एवढ्यात. तू काही बोलू नकोस. मी पण काही बोलणार नाही. चहा हातात देईन आणि एवढंच विचारीन, अहो, तो हलला होता ना?