करंगळीची अंगठी

१९४३ साल. भाईंदरला घासलेटची रांग. माझ्यापुढे उत्तनचं एक म्हातारं जोडपं.

"कातरिन, आपल्या पास्कूच्या अंगठीचा खडा काल पुरा झाला. आरशावानी चमकतोय."

"जाळं विणायला हात दुखतात तुझे. दगड घासायला बरे दुखत न्हाय!"

"पोरानेच शोधलेला दगड हाय तो. बोटीवर जाताना बोलला, बाबा, मी येईपर्यंत घासून ठेव."

"मग आलाय का तो?"

"बोट बुडाली, कातरिन. कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला."

"त्याने पास्कूला बुडताना बघितला?"

"न्हाय."

"मग तू कशाला पुरा केलास? परत लाखेने काडीला चिकटव, घासायच्या चाकावर धर, खरबरीत कर."

"तू सांगितलंस म्हणून दोनदा केला. पुन्हा?"

"पोर यायचं बाकी हाय. काम पण बाकी राहू दे."

"दरवेळी खडा लहान होतोय गं. आता त्या अंगठीत बसायचा न्हाय."

"मग करंगळीची अंगठी करू. घालील तो. चल, रांग सरकली."