साहेबाचं चुंबकाचं दार

आमच्या हिंगोली तालुक्याच्या साहेबाच्या दाराचं ऐकलं का तुमी? लोक न विचारता आत येतात म्हणून त्यानं केबिनला चुंबकाचं कुलूप बसवलं. साहेबाचा अंगठा लागला तरच उघडणार, एरवी चार गडी ढकलून थकले तरी हलायचं न्हाई.

मी पोरीच्या दाखल्यावर सही घ्यायला गेलो होतो. कॉलेजात दाखला द्यायचा तो शेवटचा दिवस. शिपाई सकाळपासून एकच सांगून राहिला, "साहेब मीटिंगमधी हायेत." माझ्यासंगं आमचा रफिक होता, मोटारी वाइंडिंग करणारा. उभं राहून कंटाळला अन् दाराला पाठ टेकवली. तेवढ्यात लाईट गेली, अन् रफिक धाडकन केबिनमधी उताणा!

आत साहेब एकटाच, टेबलावर पाय ठेवून घोरत होता. दचकून उठला. "कुलूप का तोडलं रे?"

रफिक कपडे झटकत म्हणाला, "तोडलं न्हाई साहेब. हे चुंबक करंटवर धरतं. करंट गेला की सोडतं."

मी दाखला पुढं केला अन् साहेबानं सही केली. बाहेर आल्यावर मी म्हणलं, "रफिक, हिंगोलीत लाईट गेल्यानं कुणाचं काम झालं, असं जल्मात पयल्यांदाच बघितलं."