बारा हजार गुलाब आन एक लायब्ररी

न्हाई, मला आधी हे सांगा, कॉम्प्युटरनं स्वतःच्या तोंडानं नवी लायब्ररी मागितली, आमी दिली, तर ह्यात आमचं चुकलं काय? तुमाला सांगतो, कामशेतच्या पुढं पवनेच्या अंगाला झुंबरबाईंचं गुलाबाचं पॉलीहाऊस हाये, बारा हजार झाडं, आन ती सांभाळणार मी, सुहास. आत उकाडा वाढला की फॉगर आपोआप धुक्यागत पाणी उडवायचे, आन ते सगळं चालवायचा कोपऱ्यातला एक लिनक्सवाला कॉम्प्युटर. एप्रिलात मी हौसेनं उकाडा मोजायचा नवा सेन्सर आणला, त्याचा प्रोग्राम काय सुरू होईना... म्हणे हितली लायब्ररी जुनी हाये. पुस्तकांची नव्हं हां, सगळे प्रोग्राम जिच्या जिवावर चालतात ती सामाईक फाईल. मग काय, नेटवरनं नवी उतरवली आन टाकली जुनीच्या जागी. चुकलं काय?

सगळंच गप! कुठलीबी कमांड द्या, एकच एरर. बंद करून चालू करावा, तर चालूच होईना. भर दुपारी फॉगर थांबले, हातानं चालवायचं बटण गेल्या पावसातच गंजलेलं, पारा चाळिसाच्या वर, आन दोन दिवसांनी तोडायच्या कळ्या माना टाकायला लागल्या... झुंबरबाई आल्या, बघितलं. पदर खोचला, पाइप उचलला आन पाणी मारायला लागल्या, सत्तरीची बाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं ओ! मीबी दुसरा पाइप घेतला आन एका हातानं त्यांच्या सुनेला, सारिकाला, फोन लावला. ती मळवलीत ऱ्हाते, घरनंच कॉम्प्युटरचं काम करते.

आली स्कूटीवर. पेनड्राइव्हवरनं मशीन उठवलं, जुनी लायब्ररी होती तितं परत बसवली, आन फॉगर असे फुसफुसले म्हंता... त्या धुक्यात मी वरातीत नाचावं तसा नाचलो! माझं नाचून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "सुहासभाऊ, जुनीला हात लावायचा नाही, तिच्यावर सगळं मशीन उभंय. नवी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिचा पत्ता फक्त नव्या प्रोग्रामला द्यायचा." तसं केलंबी तिनं, आधी सगळ्याची कॉपी काढून. सेन्सर लागला की चालायला! म्हटलं, बघा, म्हंजे नवी लायब्ररी चांगलीच होती, मग आमचं चुकलं... तेवढ्यात झुंबरबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं, अंगावरनं पाणी निथळतंय, पाइप अजून हातात.

कळ्या वाचल्या, चार रांगा सोडून. त्या दिवसापासून कॉम्प्युटरचा पासवर्ड सारिकाकडं असतो, आन माझ्याकडं पाइप.