थोरली दुर्बीण, धाकटी दुर्बीण

भागुजी : ते काय बी असू दे. रुपेश आला की त्याला सांगायचं, धाकटी गाडीत टाक, थोरली ऱ्हाऊ दे. मिटला विषय.

प्रज्ञा : असा कसा मिटला, आबा? त्याने विकायच्या दोन्ही दुर्बिणी दोन दिवस आपल्याकडे ठेवल्या त्या बघून, बोलून ठरवायला. तुम्ही बोलत नाही, नुसता निकाल देताय.

भागुजी : बघितल्या की दोन्ही. थोरलीत मृग नक्षत्रातल्या बाणाच्या ताऱ्यांखालचा तो ढग कसा दिसला? पिंजलेल्या कापसावानी. धागा न् धागा सुटा. आन धाकटीत? कुणीतरी काचेवर हां करून वाफ सोडल्यावानी.

प्रज्ञा : थोरलीचं तोंड आठ इंची, धाकटीचं साडेतीन. ती जास्त उजेड गोळा करते, जास्त दाखवणारच. ते मला मान्य आहे. पण उचलायला दोन माणसं लागतात. काल मी आणि रुपेशने ती स्लॅबवर चढवली, तर जिन्यात तीनदा टेकवावी लागली. सोमवारी पहाटेच्या एसटीत ती घाटघरला कशी नेऊ? मांडीवर घेऊन?

भागुजी : न्यायची कशाला? वर जिन्याच्या खोलीत ऱ्हाईल. तू शनवारी घरी आलीस की बघायचं.

प्रज्ञा : आणि माझी शाळा? पोरं रोज विचारतात, बाई, दुर्बीण कधी? तुम्हीच तर दिवाळीत त्यांच्यासमोर बोललात, ‘खांद्याला अडकवून नेता येईल अशी घेऊ.’ तुमचे शब्द आहेत, आबा. आता तीन महिन्यांत काय बदललं?

भागुजी : इचार बदलला. माणसाचा बदलत न्हाई व्हय?

प्रज्ञा : तुमचा नाही बदलत. तेहतीस वर्षं लाइनमन होतात, कुठल्या खांबावरून कुठली तार न्यायची ते एकदा ठरवलं की साहेब आला तरी तुम्ही ऐकत नव्हता. आई, तू तरी सांग यांना.

बनाबाई : आधी च्या घ्या, निवतोय. मी काय सांगणार? मी अजून एका बी नळीत डोळा घातलेला न्हाई. माझं गुडघं मला वर चढू देत न्हाईत, आन तुमी दोघं दुर्बीण घेऊन खाली उतरत न्हाई.

भागुजी : खाली कुठं बसतीस? अंधार पडला की अंगणात कुणी थांबतंय का आता? गेल्या म्हयन्यात बिबट्यानं रखमाजीच्या गोठ्यातनं कालवड वढून नेली. स्लॅबच बरा.

बनाबाई : स्लॅब बरा. आन जिना?

भागुजी : जिन्याला काय झालं?

बनाबाई : तेच म्हणतेय मी. जिन्याला काय बी झालं न्हाई.

प्रज्ञा : काय चाललंय तुमचं? आणि आबा, बाही वर करा बघू. कोपराला पट्टी कसली?

भागुजी : गोठ्यात खुंटा लागला.

बनाबाई : खुंटा न्हाई. जिन्याची तिसरी पायरी.

भागुजी : प्रज्ञाची आई, गप ऱ्हा.

बनाबाई : का गप ऱ्हाऊ? बारा दिस तोंड शिवून बसलेय. पोरगी फोन करती, ‘आबा कसे आहेत’ म्हणती, आन मी म्हणते, बरं हायेत. माझ्यानं आता व्हत न्हाई. प्रज्ञा, जा, फ्रिजच्या दारात वरच्या कप्प्यात बाटली हाय, ती आन. वाच काय लिवलंय.

प्रज्ञा : (बाटली आणून वाचत) आबा, हे तर डोळ्यात टाकायचे थेंब. आमच्या शाळेतल्या उज्ज्वला मॅडम हेच टाकतात. काचबिंदूला असतात हे.

भागुजी : असत्याल.

प्रज्ञा : असत्याल काय? कधी कळलं?

भागुजी : संक्रांतीच्या आधी. मोतीबिंदू असल म्हणून नारायणगावला दाखवाया गेलो. त्या डॉक्टरनं एका डबड्यात डोकं ठेवाया लावलं. ‘काका, ठिपका दिसला की बटण दाबा’ म्हणला. मी दाबतोय, दाबतोय. नंतर कागद दाखवला. मधे पांढरं आन कडंला सगळं काळं. ‘इतकं काळं कशाचं?’ तर म्हणला, ‘तिथं पण ठिपके आले होते काका. तुम्हाला दिसले नाहीत.’

प्रज्ञा : मग? पुढे काय म्हणाले?

भागुजी : थेंब सोडायचे, सकाळ-संध्याकाळ, चुकवायचे न्हाईत. गेलेलं परत येत न्हाई, हाय ते राखायचं. आपल्याला कळलंच न्हाई बघ. कडंच्या वस्तीचा सप्लाय जावा आन गावात दिवे चालू, तसं. गावाला वाटतं, समदं ठीक हाय.

प्रज्ञा : आणि त्या डोळ्यांनी तुम्ही अंधारात, कठडा नसलेल्या जिन्यानं एकटे वर गेलात.

भागुजी : आभाळ लई साफ व्हतं.

प्रज्ञा : मला का नाही सांगितलं?

भागुजी : तुला? तू घाटघरची बदली मागून घेतल्याली बाई. लोक तिथनं खाली यायला अर्ज करत्यात, तू वर जायला केलास. मी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी खाली यायचा अर्ज टाकला असतास. टाकला असतास का न्हाई? बोल.

प्रज्ञा : (डोळे पुसत) टाकला असता.

भागुजी : म्हणून न्हाई सांगितलं.

बनाबाई : पोरीला रडवलं. झालं समाधान?

प्रज्ञा : मी रडत नाही, आई. आबा, म्हणून थोरली पाहिजे होती तुम्हाला?

भागुजी : आता लपवून काय करू. व्हय. म्हणलं, डोळे हायेत तवर जेवढं दिसंल तेवढं बघून घ्यावं. धाकटीत जे पुसट दिसतंय, ते उद्या मला दिसायचंच न्हाई. थोरलीत निदान चार वर्सं जास्त दिसंल. हाव सुटली गं. तुझी पोरं आठवली, न्हाई असं न्हाई. पण हाव सुटली.

प्रज्ञा : मग थोरलीच ठेवू. संपलं. पोरांचं मी बघते काहीतरी.

भागुजी : आता नको.

प्रज्ञा : आता नको म्हणजे?

भागुजी : मघाशी माझ्याशी भांडत व्हतीस, तवर ठीक व्हतं. आता तू माझ्या डोळ्याकडं बघून हो म्हणतीयास. तसली दुर्बीण मला नको. तिला डोळा लावला की मला पहिलं तुझं हे तोंड दिसंल.

प्रज्ञा : आबा, असं काय करता!

भागुजी : ऐक. तू चौथीत व्हतीस तवाची गोष्ट. वादळात घाटघरकडची लाइन झोपली, एकोणीस खांब आडवे. मी आन माझा जोडीदार गोरख, दोघं अकरा दिवस तिथं शाळेच्या व्हरांड्यात मुक्कामी. गावात एक दिवा न्हाई. त्या अकरा राती मी जे आभाळ बघितलं! खाली नाणेघाटाकडं दरी काळी, आन वर जागा न्हाई बोट ठेवाया. बाराव्या दिवशी लाइन चालू केली. बल्ब लागले, पोरं नाचली, बायांनी ओवाळलं आमाला. मी वर बघितलं, तर निम्मं आभाळ गेल्यालं. मला वाटलं, हे मीच विझवलं.

प्रज्ञा : हे कधी बोलला नाहीत.

भागुजी : लाइनमननं बोलायची गोष्ट हाय का ती? लोकांना उजेड पायजे व्हता, तो दिला. पण घरी येऊन तुला म्हणलं, पोरी, आपण दुर्बीण घेऊ. मग खत, बियाणं, तुझं डीएड, घराचा स्लॅब. ऱ्हाऊन गेलं. आन तू नेमकी त्याच शाळेत मास्तरीण झालीस. मग दुर्बीण हितं खोलीत कोंडून काय करू? मीच चुकलो. खरं आभाळ तिकडं हाय.

प्रज्ञा : पण धाकटीत तुम्हाला कमी दिसणार. हे खोटं सांगून कसं चालेल? तो ढग आज वाफेसारखा आहे, दोन वर्षांनी तोही नाही दिसणार.

भागुजी : नसंल दिसत. काल थोरलीत बघितलाय मी. चांगला घटकाभर बघितलाय.

प्रज्ञा : एकदा बघून पुरतं का?

भागुजी : न्हाई पुरत.

बनाबाई : तुमचं चालू द्या. मी आले.

भागुजी : कुठं चाललीस?

बनाबाई : आत.

प्रज्ञा : आबा, पुढच्या तपासणीला मी येणार. तारीख सांगा.

भागुजी : पाडव्यानंतरचा पहिला शनवार. ये. पण त्या डॉक्टरला पोरांसारखे प्रश्न इचारत बसू नको, बाहेर लाइन असती.

प्रज्ञा : विचारणार. आणि जिन्याला कठडा ह्याच आठवड्यात. दुर्बीण कुठलीही राहू दे.

भागुजी : कठडा व्हायलाच पायजे व्हता. ते आपलंच आळसाचं काम. अगं! अगं, काय करतीयास? एकटीनं कशाला उचललीस?

(बनाबाई घरात ठेवलेली धाकटी दुर्बीण स्टँडसकट कडेवर घेऊन ओट्यावरून अंगणात उतरते.)

बनाबाई : वराडू नका. भरल्या हंड्याएवढी बी न्हाई ही. कुठं ठेवू? तो बघा चंद्र, नारळाच्या वर आलाय. अष्टमीचा अर्धा. दुपारपास्नं मी बघतेय त्याला, आन तुमी दोघं अंधार पडायची वाट बघत भांडताय. दिवसा बिबट्या न्हाई, जिना न्हाई.

प्रज्ञा : आई… दिवसा चंद्र लावायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

बनाबाई : तू मास्तरीण हाईस. तुझ्या डोक्यात पुस्तकाचं येणार.

प्रज्ञा : थांब, मी लावते. एक मात्र लक्षात ठेव, सूर्याकडे कधी फिरवायची नाही. सूर्य मागे घराच्या आड पाहिजे, असा.

भागुजी : खरं हाय. न्हाईतर डोळ्याची फ्यूज कायमची उडंल.

प्रज्ञा : लागला. आबा, तुम्ही या आधी. हळू. स्टँडचा पाय तुमच्या डाव्या अंगाला आहे.

भागुजी : दिसतोय… न्हाई, न्हाई दिसला. बरं सांगितलंस. कुठं डोळा लावू? हां.

प्रज्ञा : दिसतंय?

भागुजी : निळ्यात हाय गं. राती काळ्यात असतो, आता निळ्यात हाय. धुतल्यावानी. खड्डे दिसत्यात कडंचे. आन एक सांगू का? हितं चंद्राच्या भवती गोल आन त्याच्या बाहेर काळं. तू बघतीस तवा तुला पण कडंला काळंच दिसतं का?

प्रज्ञा : हो. नळी आहे ना. सगळ्यांनाच काळं दिसतं.

भागुजी : सगळ्यांना?

प्रज्ञा : सगळ्यांना, आबा.

भागुजी : मग हितं मी तुमच्यासारखाच हाय.

बनाबाई : झालं का बघून? का दिवस बुडवताय?

भागुजी : प्रज्ञा, हीच ठेव. थांब, बोलू दे. कीव म्हणून न्हाई, रुसून बी न्हाई. ही तुझ्या आईला उचलवती. तू सहा दिवस तिकडं. थोरली असती, तर मी सहा दिवस जिन्याकडं बघत बसलो असतो. आन आठवड्याआड ही तुझ्याबरोबर वर जाईल. तवा मी बी येईन. शाळेच्या व्हरांड्यात अजून झोपू देत्यात का?

प्रज्ञा : व्हरांड्यात कशाला? माझी खोली आहे की. आणि पोरांना सांगायचं, हे खांबावर चढायचे?

भागुजी : सांग. पण पोरांना चढू देऊ नको.

प्रज्ञा : तुमची खात्री आहे ना? रुपेश थोरली एकदा घेऊन गेला की ती मंचरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार आहे.

भागुजी : हळहळ वाटणारच. काल रातीचा तो ढग मला आठवणार, मी काय दगड न्हाई. तरी बी हीच.

प्रज्ञा : थांबा, त्याचाच फोन. हां रुपेश, जयभीम… कळंबच्या पुढे आलास?… हो, ठरलं. थोरली घेऊन जा… अरे नाही, भांडण नाही झालं… म्हणजे झालं, पण मिटलं. धाकटी ठेवतोय… नाही, ती आत्ता फोनवर नाही दाखवता येणार तुला, आई बघणार आहे. आणि स्लॅबवरनं उतरवायला माणूस घेऊन ये, आबांना मी जिन्याला हात लावू देणार नाही… हो. ये सावकाश.

बनाबाई : मी बघू का आता? का अजून कुणाचा नंबर हाय?

प्रज्ञा : ये. खुर्चीवर बस. गुडघा नको वाकवू, मी दुर्बीण खाली घेते. एक डोळा मीट. हात लावू नको नळीला.

बनाबाई : काय बी दिसत न्हाई. निळंच निळं.

प्रज्ञा : सरकला असेल. तो सारखा सरकतो. आता बघ.

भागुजी : दिसला का?

बनाबाई : अगं बया.

भागुजी : कसा दिसतोय, सांग की.

बनाबाई : बोलू नका. … तव्यावरच्या भाकरीला फोड येत्यात ना, तसं. आन कडंला, अंधार सुरू हुतो तिथं, पिठात कुणी बोटं टेकवल्यावानी. एवढ्या वर्सांत मला वाटायचं, गुळगुळीत असंल. किती मार खाल्लाय बिचाऱ्यानं. आन तरी कसला उजळ.

प्रज्ञा : आई, डोळ्यातलं पाणी पूस, भिंगाला लागेल.

बनाबाई : लागू दे. … अवं, या तुमी बघा. ऊन उतरायच्या आत बघून घ्या. माझं झालं.

भागुजी : कशाचं झालं? आत्ताशी तर बसलीस. बघ तू, सावकाश बघ. मला काय घाई न्हाई.