सोजरबाईंची गाठ

(शनिवार पेठेतलं तपासणी केंद्र. खोलीत डॉक्टर हेमा आणि मांजरी गावच्या सोजरबाई. थोरली जाऊ आनंदीबाई दाराबाहेर बाकावर.)

हेमा: म्हणजे दहा दिवसांत सगळी निरवानिरव करून मोकळ्या झालात?

सोजरबाई: मग? फोटू बगताना तुमचं त्वांड उतरलं. म्या बगितलं की.

हेमा: माझं तोंड जन्मापासून असंच आहे. आई अजून तक्रार करते.

सोजरबाई: थट्टा नगं. कागदात काय आलंय?

हेमा: कॅन्सर नाही.

सोजरबाई: धीर द्यायला म्हणत असाल, तर नगं.

हेमा: आम्ही पेठेतली माणसं. धीर द्यायची आम्हाला सवय नाही. सुईनं काढलेला तुकडा तपासला. कॅन्सरची एक पेशी नाही त्यात.

सोजरबाई: मग फोटूत त्या खेकड्यावानी नांग्या कसल्या व्हत्या? तुमीच दावल्या.

हेमा: गाठच लबाड आहे. मॅमोग्राफीत कडा ओढल्यासारख्या, सोनोग्राफीत मागे काळी सावली. पाहणाऱ्याला कॅन्सरच वाटावा. म्हणून तर सुई घातली. मायक्रोस्कोपखाली दाण्यांनी भरलेल्या पेशी निघाल्या. मज्जातंतूच्या आवरणातून होते ही. सोळा वर्षांत मी दुसरीच पाहतेय.

सोजरबाई: येवढी नवलाची, आन् माज्याच वाट्याला!

हेमा: मिरवा मग चार दिवस. नंतर मात्र काढायची, आजूबाजूच्या थोड्या भागासकट. पुढे अधूनमधून तपासायला यायचं. अहो, आता रडताय कशाला?

सोजरबाई: लई वंगाळ झालं, बाई.

हेमा: कॅन्सर नाही हे?

सोजरबाई: आवो, मरायच्या आदी मन मोकळं करावं म्हणून जावेला बोलावलं. बारा वर्सं बोलत नव्हतो. माज्या मैनाच्या लग्नात पोळ्या चिवट झाल्या म्हणली व्हती, चारचौघांत.

हेमा: झाल्या होत्या?

सोजरबाई: झाल्या व्हत्या. त्येच कबूल केलं न्हवं का! तवापासनं रोज येतीया. भाकरी थापती, माजे केस विंचरती. आज बी भाईर बसलीया.

हेमा: मग बोलावते. ऐकून आनंदच होईल त्यांना.

सोजरबाई: थांबा! आपरेशन हुईपातूर सांगू नका. मी ठणठणीत हाय म्हणल्यावर कशाला येतीया ती?

हेमा: खोटं मी बोलणार नाही. फार तर गप्प बसेन. या, आनंदीबाई.

आनंदीबाई: काय म्हणत्यात डाक्टरीणबाई?

सोजरबाई: गाठ काढायचीया म्हणत्यात, आक्का.

आनंदीबाई: आन् कॅन्सर न्हाई, त्ये कोन सांगनार? दार पातळ हाय, सोजर. तुजा आवाज काय बारीक न्हाई.

हेमा: मी गप्प होते, सोजरबाई. साक्षीला दार आहे.

सोजरबाई: मंग... आता येनार न्हाईस तू?

आनंदीबाई: न्हाई. उद्यापासनं तू यायचं. बारा वर्सांत माजं सैपाकघर बगितलं न्हाईस. नवी खिडकी पाडलीया तितं. लई उजेड येतो.