अडतीस टक्के

अपंगत्व तपासणीच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या.

"तुझ्या नवऱ्याला पंचेचाळीस टक्के आणि माझ्याला अडतीस! एकाच ओंडक्याखाली दोघांचे हात चेंगरले ना गं?"

"ताई, चाळीसच्या पुढे असेल तरच पेन्शन मिळते."

"ते पाठ झालंय मला. दोन वर्षं ह्यांना रंधा धरता येत नाही, झोपेत कळवळतात. ते नाही का मोजत?"

"दुखणं नाही मोजत. मूठ किती आवळते तेवढं बघतात. मोठ्या भाऊजींनी मागच्या वेळी डॉक्टरांचा हात असा दाबला, की डॉक्टरच ओरडले."

"सुतार आहेत ते. हात पुढे आला की दाबणारच. तुझ्याला बरं नाटक जमलं!"

"नाटक कसलं? जमेल तेवढीच आवळली त्यांनी. म्हणून तर आज ह्यांना सोबत आत पाठवलंय, भाऊजींना आठवण करून द्यायला."

दार उघडलं. थोरले घामाघूम होऊन बाहेर आले.

"काय झालं हो?"

"मूठ आवळा म्हणाले."

"मग?"

"आवळली, दातओठ खाऊन. धाकटा बघत होता ना समोर."